आठशे माणसांचा पूल

कुठल्याही नव्या पुलाची बातमी आली की आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. खर्च किती आला? आणि त्यावरून रोज गाड्या किती जाणार? दोन्ही प्रश्न रास्तच आहेत, पैसा शेवटी लोकांचाच असतो. पण मला नेहमी वाटतं की यात एक तिसरा प्रश्न राहून जातो. पूल नव्हता तेव्हा पलीकडच्या काठावर कोण खोळंबलं होतं? आज त्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल लिहायचं आहे, आणि निमित्त आहे नॉर्वेमधला एक पूल.

निमित्ताचं निमित्त म्हणजे आमचे धाकटे दीर. २०१९ च्या उन्हाळ्यात मी लेकीकडे ट्रॉन्डहाइमला होते. एका रविवारी जावयांनी गाडी काढली आणि आम्हाला स्कार्नसुंडचा पूल दाखवायला नेलं. मी घरच्या ग्रुपवर फोटो टाकले, थोडी माहितीही लिहिली. भाऊजी बँकेतून निवृत्त झालेले, आकडा दिसला की त्यांचा भागाकार सुरू! त्यांचं लगेच उत्तर आलं, "वहिनी, पलीकडच्या गावात आठशे माणसं आणि पुलाला वीस कोटी क्रोनर? म्हणजे माणशी अडीच लाख. ह्याला आम्ही बँकेत बुडीत कर्ज म्हणतो." त्यावर सगळ्यांनी हसणारे चेहरे टाकले. मीही टाकला. पण उत्तर द्यायचं राहिलंच होतं, ते आता सविस्तर देते. भाऊजी, वाचताय ना?

आधी थोडा भूगोल. सवय जात नाही हो! फियॉर्ड म्हणजे हिमनदीने कोरून काढलेली दरी, जिच्यात नंतर समुद्र शिरला. दिसायला आपल्या कोकणातल्या खाडीसारखी, पण स्वभावाने अगदी वेगळी. आपली खाडी उथळ, गाळाने भरलेली, ओहोटीला निम्मी उघडी पडणारी. फियॉर्डचे काठ मात्र सरळ पाण्यात उतरतात आणि तळ कुठल्या कुठे खाली असतो. ट्रॉन्डहाइमचा फियॉर्ड सुमारे १३० किलोमीटर लांब आहे आणि त्याची सर्वांत जास्त खोली ६१७ मीटर आहे. एवढ्या लांबलचक पाण्यावरून या काठाहून त्या काठाला गाडीने जायला एकच पूल आहे, तो हा स्कार्नसुंडचा.

स्कार्नसुंड म्हणजे या फियॉर्डचा गळा. इथे पाणी अरुंद होतं आणि पलीकडे पुन्हा पसरतं. त्या आतल्या भागाला बाइटस्टाफियॉर्ड म्हणतात. भरती-ओहोटीचं सगळं पाणी या गळ्यातूनच आत-बाहेर करतं, त्यामुळे इथे ओढ जबरदस्त. पुलावर उभं राहून खाली पाहिलं तर वाहत्या नदीसारखं पाणी दिसतं.

अशा ठिकाणी पूल बांधताना पहिली अडचण खांबांची. आपल्या खाडीत दर तीस-चाळीस मीटरवर एक खांब रोवत पलीकडे जाता येतं. इथे भर पाण्यात खांब उभे करणं परवडणारं नाही आणि खालून जहाजंही जायची असतात. म्हणून दोन्ही काठांजवळ एकेक उंच मनोरा उभा केला, इंग्रजी 'ए' अक्षरासारखा, १५२ मीटर उंचीचा. त्या मनोऱ्यांपासून तिरपे पोलादी दोर सोडले आणि त्या दोरांवर रस्ता तोलून धरला. आपल्या वांद्रे-वरळी सागरी सेतूवर (२००९) असेच दोर आहेत, तेव्हा चित्र डोळ्यांसमोर येईल. फक्त तिथला मोठा गाळा २५० मीटरचा आहे, आणि स्कार्नसुंडच्या दोन मनोऱ्यांमधलं अंतर आहे ५३० मीटर! पूर्ण पूल १,०१० मीटर लांब, पाण्यापासून सुमारे ४५ मीटर उंच, आणि रुंदी म्हणाल तर जेमतेम १३ मीटर. दुरून एखादी पट्टी दोऱ्याला टांगल्यासारखी दिसते.

आणि ही पट्टी लोखंडाची नाही, काँक्रीटची आहे. मनोरेही काँक्रीटचेच. नॉर्वेच्या इंजिनिअरांचा त्या काळात काँक्रीटवर चांगलाच हात बसलेला होता. उत्तर समुद्रातल्या तेलासाठी ते काँक्रीटचे अजस्र मंच बांधत होते. १९९५ साली समुद्रात नेलेला 'ट्रोल ए' हा मंच तर पायथ्यापासून शेंड्यापर्यंत ४७२ मीटर भरतो. पुलाचं काम कसं चालतं ते जावयांनी मला स्वयंपाकघरातल्या ओट्यावर चमचे मांडून समजावलं. मनोऱ्याच्या दोन्ही बाजूंना थोडा थोडा रस्ता ओतायचा, दोर लावायचे, मग पुढचा तुकडा. एक बाजू फार पुढे जाऊ द्यायची नाही, नाहीतर तोल जाईल. तराजूची दोन पारडी सारखी भरत जावीत तसं. शेवटी दोन मनोऱ्यांकडून आलेली टोकं भर पाण्यावर, मधोमध येऊन मिळतात. काम १९८८ साली सुरू झालं आणि १९ डिसेंबर १९९१ रोजी राजे हाराल्ड पाचवे यांनी पुलाचं उद्घाटन केलं. तेव्हा दोरांनी तोललेल्या पुलांमध्ये जगातला सर्वांत लांब गाळा याचाच होता. कोलकात्याचा विद्यासागर सेतू पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये सुरू झाला, त्याचा मोठा गाळा ४५७ मीटरचा. १९९३ साली शांघायच्या यांगपू पुलाने ६०२ मीटरचा गाळा टाकून स्कार्नसुंडचा मान घेतला.

आता भाऊजींचा मुद्दा. एवढा जगात पहिला येणारा पूल कुठे बांधला? राजधानीत नाही, बंदराच्या शहरातही नाही. एका काठाला इंडेरॉय, दुसऱ्या काठाला मोसविक. मोसविक ही तेव्हा स्वतंत्र नगरपालिका होती, वस्ती साधारण आठशेची. त्याच काठाने पुढे गेलं की लेक्सविक लागतं, त्यांनाही पूल उपयोगी पडला. म्हणजे भाऊजींच्या भागाकारात छेद थोडा वाढवावा लागेल. पण तेवढ्याने माझा मुद्दा सिद्ध होत नाही, आणि मला तो भागाकारानं जिंकायचाही नाही.

पूल होण्यापूर्वी तिथे बोट होती. इकडे वांगशिला, तिकडे शेरिंगविक, या दोन धक्क्यांमध्ये गाड्या नेणारी बोट चाले. बोट म्हटली की वेळापत्रक आलं. शेवटची फेरी आली. वारा सुटला की थांबणं आलं. मोठं इस्पितळ लेव्हांगरला, म्हणजे पाण्याच्या पलीकडे. बोट नसेल तर बाइटस्टाफियॉर्डला पूर्ण वळसा घालून, स्टाइनशेर गाठून खाली यायचं. उत्तरेकडचा हिवाळा, दुपारी तीनला अंधार, रस्त्यावर बर्फ. त्या काठावरच्या बाळंतिणीला आणि छातीत दुखणाऱ्या म्हाताऱ्याला विचारा, माणशी अडीच लाख जास्त झाले का ते.

हे मी इतक्या ठामपणे का म्हणते? मी रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठच्या एका शाळेत बरीच वर्षं शिकवलं. खाडीपलीकडच्या वाड्यांतली मुलं होडीने यायची. पाणी अर्ध्या फर्लांगाचं सुद्धा नसेल. पण जून उजाडला की होडी कधी चाले, कधी नाही. माझ्या हजेरीपटावर पलीकडच्या मुलांच्या नावांपुढे पावसाळाभर गैरहजेरीची रांग असायची. मुलगे निदान दिवाळीनंतर परत यायचे. मुलींचं तसं नसे. सातवी झाली की आई म्हणायची, "बाई, होडीतून एवढ्या मोठ्या पोरीला कशी पाठवू? एखाद्या संध्याकाळी होडी नाही मिळाली तर ती राहणार कुठे?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. एक मुलगी गणितात इतकी हुशार होती की फळ्यावरचं उदाहरण मी पुरं लिहायच्या आत तिचं उत्तर तयार असे. आठवीत आली नाही. पुढे कधीतरी बाजारात भेटली, कडेवर मूल. "बाई, तुम्ही शिकवलेलं त्रैराशिक अजून येतं मला," म्हणाली. मासळीच्या हिशोबाला उपयोगी पडायचं म्हणे.

आम्ही शिक्षकांनी आणि गावकऱ्यांनी पुलासाठी अर्ज केले. एकदा पाहणीला साहेब आले. त्यांनी विचारलं, या खाडीवरून रोज वाहतूक किती होते? होडीतून कितीशी होणार! दिवसाला साठ-सत्तर माणसं आणि दोन-चार सायकली. साहेबांनी ते लिहून घेतलं आणि शेरा मारला की वाहतूक पुरेशी नाही. पूल नाही म्हणून वाहतूक नाही, आणि वाहतूक नाही म्हणून पूल नाही! साहेब वाईट नव्हते हो. त्यांना मोजायला सांगितलं होतं ते त्यांनी मोजलं. पण काठावर उभं राहून मोजलं तर येणारी माणसं मोजता येतात. घरी राहिलेली मुलगी कशी मोजणार? ती तर माझ्या हजेरीपटात होती, आणि हजेरीपट कुणी मागितलाच नाही. पूल झाला शेवटी, पण मी निवृत्त व्हायला आले तेव्हा. त्यानंतर दोनच वर्षांत पलीकडच्या सहा मुली दहावीला बसल्या. सहाच. भाऊजींच्या भागाकाराने त्यांचाही दर काढता येईल. मी काढणार नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की पुलाचा हिशोब लहान काठावरून करावा. मोठ्या काठाला पूल झाला काय, न झाला काय, फारसा फरक पडत नाही. तिथे इस्पितळ आहे, कॉलेज आहे, बाजार आहे. तिथल्या माणसाला पूल म्हणजे रविवारी फिरायला जायची सोय. लहान काठाला मात्र पूल म्हणजे हे सगळं.

पण लहान काठावरून हिशोब करायचा तर तो पुरता करायला हवा. नुसती जमा लिहून चालणार नाही, खर्चही लिहिला पाहिजे, आणि तो फक्त पैशाचा नसतो.

पैशाचं आधी सांगते, कारण तिथे मला त्यांचं कौतुक वाटलं. पुलासाठी सरकारने पैसे दिले आणि उरलेले टोलमधून वसूल केले. टोल २००७ साली बंद झाला. पूल १९९१ चा, म्हणजे सोळा वर्षांत विषय संपला. तिथल्याच अटलांटिक रस्त्याचं उदाहरण तर आणखी गमतीचं आहे. बेटांवरून उड्या मारत जाणारा, आठ पुलांचा तो रस्ता १९८९ साली सुरू झाला. टोल पंधरा वर्षं घ्यायचा ठरला होता, पण पैसे आधीच फिटले म्हणून १९९९ मध्ये नाकाच काढून टाकला! नॉर्वेत टोलच नाहीत असं कुणी समजू नका. शहरांभोवती आहेत, आणि लोक त्यावर आपल्यासारखेच करवादतात. पण कर्ज फिटलं की नाका उठतो हे तिथल्या माणसानं डोळ्यांनी पाहिलेलं असतं. पुढच्या वेळी टोल भरताना तो कुरकुरेल, पण त्याला फसवल्यासारखं वाटणार नाही. बँकेतल्या माणसाला हा मुद्दा पटावा.

आता दुसरा खर्च. पूल झाल्यावर वीस वर्षांनी, १ जानेवारी २०१२ रोजी, मोसविक नगरपालिका इंडेरॉयमध्ये विलीन झाली. नाव राहिलं इंडेरॉय. पुलामुळेच असं झालं असं मी म्हणणार नाही. लहान नगरपालिका एकत्र करण्याची कारणं बरीच असतात. पण मध्ये पाणी आणि बोट असती तर दोन काठांचा एक कारभार करणं किती अवघड गेलं असतं, ते सांगायला नको. पुलावरून इस्पितळ जवळ आलं तसं कचेरी पलीकडे जाणंही सोपं झालं. रस्ता दोन्ही बाजूंनी चालतो. लहान काठाची माणसं मोठ्या काठाला जाऊ लागतात, आणि मग त्यांचं दुकान, त्यांची शाळा, त्यांचं पोस्ट "आता काय, पूल आहेच की" या एका वाक्यावर बंद करता येतं. आमच्या खाडीवरही हे झालं. पलीकडच्या वाडीत चौथीपर्यंतची शाळा होती. पूल झाल्यावर पट कमी झाला आणि तिला कुलूप लागलं. आज तिथली सहा वर्षांची पोरं पुलावरून चालत येतात. आधी मोठ्या मुली घरी राहत होत्या, आता लहान पोरांची पायपीट. कुणाला वाटेल, म्हणजे हिशोब बरोबरीत सुटला. मला तसं वाटत नाही. बंद झालेली शाळा परत उघडता येते, निदान तशी मागणी करता येते. आठवीत न आलेली मुलगी परत येत नाही.

काही जण म्हणतील, आजींचे विचार जुने झाले, आता पुलांची गरज काय? नॉर्वेनेच २०१५ साली सोग्नेफियॉर्डवर विजेवर चालणारी 'आम्पेरे' नावाची गाड्यांची बोट आणली. ट्रॉन्डहाइमजवळच्या फ्लाक-रॉरविक या मार्गावरही २०१९ पासून विजेच्या बोटी आहेत. मी त्या बोटीतून गेले आहे. आवाज नाही, धूर नाही, पंचवीस मिनिटांत पलीकडे. वर बसून कॉफी प्यायची, लोक एकमेकांशी दोन शब्द बोलतात. फार सुखाचा प्रवास. पश्चिम किनाऱ्याचा मोठा महामार्ग बोटींशिवाय करायची त्यांची योजना आहे, त्यावर तिथे जोरात वाद चालतो. इतका पैसा ओतून निसर्गात एवढी ढवळाढवळ करायची का, असं विचारणारे पुष्कळ आहेत. त्यांचं मला पटतंही. जिथे दोन्ही काठांना इस्पितळ-शाळा आहे, जिथे बोट रात्रीबेरात्री चालते, तिथे पुलाचा हट्ट कशाला? आपल्याकडेही दाभोळ-धोपावे फेरीबोटीने किती जणांचा वळसा वाचवला आहे! माझा हट्ट पुलाचा नाही, काठाचा आहे. बोट चालत असेल तर बोट ठेवा. फक्त ती पुरेशी आहे की नाही, हे लहान काठाला विचारून ठरवा.

एक शेवटचं. पूल बांधला की काम संपलं असं आपण समजतो. खाऱ्या पाण्यावर काँक्रीट उभं असतं तेव्हा मीठ हळूहळू आत शिरतं, आतल्या लोखंडाला गंज चढतो, आणि बाहेरून बराच काळ काही दिसत नाही. नॉर्वेतच लोफोटेन बेटांमधल्या गिमसॉयस्ट्राउमेन पुलावर (१९८१) दहा-बारा वर्षांतच ही लक्षणं दिसली. त्यांनी तो पूल अभ्यासाला घेतला, दुरुस्तीच्या पद्धती तिथेच तपासून पाहिल्या. आपल्या जवळचं उदाहरण मात्र दुःखाचं आहे. पणजीचा मांडवीवरचा पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. आतल्या तारा गंजल्या होत्या. त्यानंतर गोव्यातल्या लोकांना पुन्हा फेरीबोटीच्या रांगेत उभं राहावं लागलं. एकदा पूल झाला की जुन्या होड्या मोडीत निघतात, होडीवाले दुसऱ्या धंद्याला लागतात. नंतर पूल पडला किंवा बंद झाला तर लहान काठ आधी होता त्याहूनही जास्त एकटा पडतो. म्हणून देखभालीचे पैसे बांधण्याच्या खर्चातच धरायला हवेत, नंतरची मेहेरबानी म्हणून नव्हे.

स्कार्नसुंडच्या पुलाला २००८ साली संरक्षित वारसा म्हणून जाहीर केलं गेलं. अवघा सतरा वर्षांचा पूल! आपण वारसा म्हणतो तो किल्ल्याला, लेण्याला. मला आधी हसू आलं, मग वाटलं, बरोबरच आहे. मोठा पूल कुठेही बांधला जातो. एवढ्याशा वस्तीसाठी त्या घडीला जगात सर्वांत लांब गाळा टाकावा असं एका देशाला वाटलं, हे जपून ठेवण्यासारखंच आहे.

तेव्हा भाऊजी, हे कर्ज बुडीत नाही. टोलचा भाग तर २००७ सालीच वसूल झाला, आणि बाकीचं व्याज तुमच्या खातेवहीत दिसणार नाही, कुणाच्या तरी हजेरीपटात दिसेल.

कोकणात सागरी महामार्ग आणि त्यावरचे खाड्यांचे पूल यांची चर्चा अंतुल्यांच्या काळापासून आम्ही ऐकत आलो. तुमच्यापैकी कितीतरी जणांचं आजोळ अशा एखाद्या खाडीच्या लहान काठावर असेल. पूल झाला असेल तर काय मिळालं आणि काय गेलं, झाला नसेल तर कोण खोळंबलंय, जरूर लिहून कळवा. आकडे नसले तरी चालेल. नावं आठवत असतील तर ती मनातच ठेवा, पण किती होती ते मात्र मोजून सांगा.